मुंबई तळाला, ऐझॉल चॅम्पियन आणि दोघांना जोडणारा एकच माणूस : खालिद जमील खेळाडूचा कोच कसा झाला?

२०१६-१७ च्या आय-लीगचं शेवटचं पॉइंट टेबल आजही काढून बघितलं तर दोन नावं डोळ्यात भरतात. सगळ्यात वर ऐझॉल एफसी, ३७ पॉइंट्स. मिझोरमचा क्लब, खिशात पैसा कमी, नाव त्याहून कमी. आणि तळाला मुंबई एफसी. देशाच्या आर्थिक राजधानीचा हा क्लब त्या सीझननंतर लीगमधून खाली ढकलला गेला आणि पुन्हा कधी वर आलाच नाही.

या दोन्ही नावांशी जोडलेला माणूस एकच, खालिद जमील. त्याआधीची सात वर्षं तो मुंबई एफसीचा कोच होता. त्या सात वर्षांत मुंबईनं ट्रॉफी वगैरे काही जिंकली नाही, पण एकदाही रेलिगेट झाली नाही. तो गेला आणि पहिल्याच वर्षी टीम बुडाली. तो ज्या टीमकडे गेला ती पहिल्याच वर्षी चॅम्पियन झाली.

हाच खालिद १ ऑगस्ट २०२५ ला भारताच्या पुरुष फुटबॉल टीमचा हेड कोच झाला. १७० च्या आसपास अर्ज आले होते. शेवटच्या तीन नावांत इंग्लंडचा स्टीफन कॉन्स्टंटाइन होता, स्लोव्हाकियाचा स्टेफान तारकोविच होता. निवड झाली मुंबईतून घडलेल्या माणसाची. २०१२ मध्ये गोव्याचे सॅव्हिओ मेडेरा पायउतार झाले, त्यानंतर थेट तेरा वर्षांनी भारतीय टीमला भारतीय कोच मिळाला.

पण ही गोष्ट फक्त एका नेमणुकीची नाही. फुटबॉलपटूचं करिअर साधारण पस्तिशीच्या आतबाहेर संपतं. नोकरदार माणसाला ज्या वयात पहिलं मोठं प्रमोशन मिळतं, त्या वयात हा माणूस रिटायर होतो. मग पुढं काय? बऱ्याच जणांना वाटतं, खेळता येतं म्हणजे शिकवताही येईल. इथंच बहुतेकांचं गणित चुकतं.

कोच आणि मॅनेजर, नेमका फरक काय?

आधी एक गोंधळ मिटवूया, कारण क्रिकेट बघून वाढलेल्या माणसाला हे शब्द अडतात. आपल्याकडं क्रिकेट टीमचा मॅनेजर म्हणजे हॉटेलचं बुकिंग, विमानाची तिकिटं आणि बोर्डाशी पत्रव्यवहार बघणारा माणूस. फुटबॉलमध्ये, विशेषतः इंग्लंडमध्ये, मॅनेजर म्हणजे टीमचा मालकाखालोखालचा धनी. कोण खेळणार, कोण विकायचा, कोण विकत घ्यायचा, प्रॅक्टिस कशी व्हायची, सगळ्यात त्याचा शब्द शेवटचा. सर ॲलेक्स फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडमध्ये १९८६ ते २०१३ असे याच खुर्चीवर बसले होते.

युरोपातल्या इतर देशांत हे काम वाटून दिलेलं असतं. खेळाडूंची खरेदी-विक्री बघायला स्पोर्टिंग डायरेक्टर आणि मैदानावरचं सगळं बघायला हेड कोच. भारतातले क्लबही आता बहुतेक याच पद्धतीनं चालतात. नाव काहीही असो, टीम हरली की पहिली विकेट याच माणसाची पडते, हे मात्र सगळीकडं सारखं.

क्रिकेटशी अजून एक फरक आहे आणि तो फार मोठा आहे. क्रिकेटमध्ये ओव्हर संपली की कॅप्टन चार शब्द बोलू शकतो, ड्रिंक्स ब्रेकमध्ये निरोप जातो. कबड्डीत टाइमआउट असतो. फुटबॉलमध्ये ४५ मिनिटं खेळ चालू तो चालूच. कोच लाइनच्या बाहेरून ओरडतो, पण पलीकडच्या विंगरला ते ऐकूही जात नाही. त्याच्या हातात असतात हाफ टाइमची १५ मिनिटं आणि पाच बदली खेळाडू. म्हणजे मॅचच्या दिवशी कोचला फार काही करता येत नाही. त्याचं खरं काम आदल्या आठवड्यात झालेलं असतं किंवा झालेलं नसतं.

दुखापतींनी थांबवलेला मिडफिल्डर

खालिदचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आईवडील भारतीय. आखाती युद्धानंतर कुटुंब भारतात परतलं आणि खालिदचं फुटबॉल मुंबईत उभं राहिलं.

नव्वदच्या दशकातलं मुंबईचं फुटबॉल आजच्या आयएसएलसारखं नव्हतं. ते कंपन्यांच्या जिवावर चालायचं. महिंद्रा, एअर इंडिया, आरसीएफ अशा टीम. एखादा पोरगा चांगला खेळला की कंपनी त्याला घ्यायची आणि घरच्यांच्या जिवाला जरा थारा मिळायचा. खालिद १९९७ च्या सुमारास महिंद्रात आला, मग एअर इंडियाकडं गेला, पुन्हा महिंद्रात परतला. मिडफिल्डर होता. भारताच्या सीनियर टीमची जर्सीही त्यानं घातली.

महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. मुंबईच्या फुटबॉलसाठी तो सोन्याचा काळ होता. पण खालिदचं शरीर तोवर कुरकुरायला लागलं होतं. २००७ मध्ये तो नव्यानंच सुरू झालेल्या मुंबई एफसीत गेला, पण दुखापतींमुळं मैदानावर उतरणं असं फारसं झालंच नाही. २००९ मध्ये खेळणं थांबलं. वय वर्षं ३२.

त्याच वर्षी त्याच क्लबनं त्याला हेड कोच केलं.

वाचायला हे सोपं वाटतं, पण विचार करून बघा. काल ज्यांच्याबरोबर एकाच बेंचवर बसून बुटांच्या लेस बांधल्या, त्यांच्यातल्या कुणाला आज सांगायचंय की तू रविवारी खेळणार नाहीस. टीममध्ये पंचवीसेक खेळाडू असतात आणि मैदानावर अकराच उतरतात. म्हणजे दर आठवड्याला कोच चौदा जणांना नाराज करतो आणि पुढच्या आठवड्यात त्याच चौदांतल्या कुणाकडून तरी जीव तोडून खेळ अपेक्षित असतो. खेळाडू असताना माणूस फक्त स्वतःच्या फॉर्मची काळजी करतो. कोच झाला की दुसऱ्याच्या फॉर्मवर त्याची झोप अवलंबून असते.

मोठा खेळाडू म्हणजे मोठा कोच?

मराठी माणसाला खरं तर हे समजावून सांगायची गरज नाही. रमाकांत आचरेकर सरांच्या नावावर फर्स्ट क्लास मॅच एकच आहे आणि त्यांनी शिवाजी पार्कवर काय घडवलं ते जगानं बघितलं.

फुटबॉलमध्ये याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इटलीच्या आरिगो साकीचं. हा माणूस प्रोफेशनल फुटबॉल कधी खेळलाच नाही. वडिलांच्या बुटांच्या धंद्यात काम करायचा. १९८७ मध्ये एसी मिलानचा कोच झाला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. त्यावर त्याचं उत्तर असं होतं की, घोड्यावर बसायला आधी घोडा असावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. पुढं १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप त्यानं मिलानला जिंकून दिले. जोसे मोरिन्योची सुरुवात तर बॉबी रॉबसन या इंग्लिश कोचचा दुभाषा म्हणून झाली.

उलट बाजू बघायची तर गॅरी नेव्हिलकडं बघावं लागतं. मँचेस्टर युनायटेडचा दिग्गज राइट बॅक, आठ वेळा प्रीमियर लीग जिंकलेला, टीव्हीवर मॅच उलगडून सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेनच्या वॅलेन्सियानं त्याला हेड कोच केलं. क्लबचा मालक त्याचा धंद्यातला भागीदार होता. हेड कोच म्हणून अनुभव शून्य, स्पॅनिश भाषेची बोंब. लीगच्या १६ मॅचपैकी तीन जिंकल्या. कपच्या सेमीफायनलमध्ये बार्सिलोनाकडून ०-७ असा मार खाल्ला. मार्च संपायच्या आत घरी.

टीव्हीच्या स्टुडिओत काय चुकलं ते सांगता येतं, कारण ते चुकून झालेलं असतं. प्रॅक्टिस ग्राउंडवर ते चुकण्याआधी ओळखायचं असतं, तेही ज्या भाषेत समोरच्याला कळेल त्या भाषेत. नेव्हिल खेळ समजण्यात कमी पडला असं कुणी म्हणणार नाही.

याच्या बरोबर उलटा रस्ता झाबी आलोन्सोनं धरला. वर्ल्ड कप जिंकलेला, लिव्हरपूल आणि रियाल माद्रिदकडून चॅम्पियन्स लीग जिंकलेला खेळाडू. त्याला कुणीही मोठा क्लब दिला असता. त्यानं काय केलं? रियाल माद्रिदच्या चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवायला घेतलं. मग जुन्या क्लबच्या, म्हणजे रियाल सोसिएदादच्या, बी टीमबरोबर तीन वर्षं काढली. ती टीम दुसऱ्या डिव्हिजनला चढवली, पुढच्या वर्षी तिथून खाली आलेलीही बघितली. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीच्या लेव्हरकुसेनचं काम घेतलं, तेव्हा टीम खालून दुसरी होती. २०२३-२४ मध्ये त्याच टीमनं एकही मॅच न हरता बुंडेसलिगा जिंकली. पोरांच्या टीमपासून सुरुवात करण्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही, एवढं नक्की.

परीक्षा पास व्हावी लागते

बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं की फुटबॉल कोच व्हायला लायसन्स लागतं, आणि ते आरटीओच्या लायसन्सहून बरंच किचकट असतं.

भारतात सुरुवात डी लायसन्सनं होते. मग आशियाई फुटबॉल महासंघाची, म्हणजे एएफसीची, सी, बी, ए अशी चढती पायरी आणि सगळ्यात वर प्रो. युरोपातही युएफाची अशीच शिडी आहे. एक पायरी चढलं की लगेच दुसरी चढता येत नाही, मध्ये प्रत्यक्ष टीम सांभाळल्याचा अनुभव लागतो. खालच्या पायरीवर लहान मुलांना बॉल कसा शिकवायचा इथून सुरुवात होते. वर जाल तसं प्रॅक्टिसचं वेळापत्रक, शरीरावर येणारा ताण, समोरच्या टीमचं व्हिडिओ ॲनालिसिस, ड्रेसिंग रूममधली भांडणं आणि पत्रकारांना तोंड देणं, सगळं येतं. आशियातल्या अव्वल लीगमध्ये हेड कोच व्हायचं तर प्रो लायसन्स किंवा त्याच्या तोडीची पात्रता हवी. भारताकडून किती मॅच खेळलात याचा तिथं उपयोग नाही.

खालिदकडं हे प्रो लायसन्स आहे. पण लायसन्स हातात असलेला कोच आणि टीम हातात असलेला कोच यात भारतात बरंच अंतर आहे. त्याकडं पुढं येऊच.

कूपरेजवरची सात वर्षं

मुंबई एफसी हा काही श्रीमंत क्लब नव्हता. समोर गोव्याचे डेम्पो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स आणि कोलकात्याचे मोहन बागान, ईस्ट बंगाल. डेम्पोच्या आर्मांडो कुलासो यांनी तर नॅशनल लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा देशाचं विजेतेपद आणलेलं. अशांसमोर खालिदची टीम कूपरेजच्या मैदानावर उतरायची तेव्हा सुंदर फुटबॉल खेळायची चैन तिला परवडणारी नव्हती.

म्हणून त्यानं एक पद्धत बसवली. मागं घट्ट राहायचं. गोल खायचा नाही. बॉल मिळाला की दहा पास खेळत बसायचं नाही, थेट पुढं पोचवायचा. कॉर्नर आणि फ्री किक म्हणजे पगाराचा दिवस, वाया घालवायचा नाही. जाणकारांनी याला कंटाळवाणं म्हटलं, डिफेन्सिव्ह म्हटलं. त्यात तथ्यही होतं. पण रेलिगेशन म्हणजे काय, हे टीका करणाऱ्यानं एकदा समजून घ्यायला हवं. टीम खाली गेली की स्पॉन्सर जातो, स्पॉन्सर गेला की पगार जातो आणि वीस-पंचवीस घरांचं गणित बिघडतं. अशा टीमच्या कोचला आधी छप्पर वाचवावं लागतं, रंगरंगोटी नंतर.

आणि कुणाला ही शंका असेल की टीम त्याच्यामुळं टिकली की नशिबानं, तर २०१७ चं टेबल आहेच.

जी टीम लीगमध्ये असायलाच नको होती

ऐझॉलची गोष्ट सिनेमाच्या पटकथेत लिहिली असती तर डायरेक्टर म्हणाला असता, जरा जास्त होतंय.

२०१५-१६ मध्ये ऐझॉल आय-लीगमधून रेलिगेट झालं होतं. विषय संपला होता. पण त्याच सुमारास देशाच्या फुटबॉलचा नवा आराखडा आला, ज्यात आयएसएलला वरचं स्थान मिळणार होतं. गोव्याचे क्लब भडकले. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब डी गोवा आणि डेम्पो यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. लीगमध्ये जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत बोलावलं गेलं.

इकडं मुंबईतलं खालिदचं पर्व संपलं होतं. तो ऐझॉलला गेला. जाताना आशुतोष मेहता, जयेश राणे अशी मुंबईच्या फुटबॉलमधली ओळखीची पोरं आली. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान. बाकी मिझोरमची पोरं, जी डोंगरावर वाढलेली, नव्वद मिनिटं पळून वर हसणारी.

इथं खालिदमधल्या कोचचा एक गुण दिसतो. तो नवीन गावात गेला, पण सगळं उलटंपालटं करत बसला नाही. मिझो पोरांचा वेग आणि दम तसाच ठेवला आणि त्याला मुंबईत सात वर्षं घोटवलेली बचावाची शिस्त जोडली. जी पद्धत मुंबईत फक्त जीव वाचवत होती, तीच इथं मॅच जिंकायला लागली.

२२ एप्रिल २०१७. ऐझॉलमध्ये मोहन बागान आलेलं. दोघंही विजेतेपदाच्या शर्यतीत. मॅच संपत आलेली असताना डिफेंडर झोमिंगलियाना राल्टेनं हेडरवर गोल केला, १-० नं जिंकले. आता शेवटच्या मॅचमध्ये फक्त एक पॉइंट हवा होता.

३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगशी गाठ पडली. नवव्याच मिनिटाला दिपांदा डिकानं लाजोंगला पुढं नेलं. तिकडं मोहन बागान आपली मॅच जिंकत होतं. म्हणजे हेच चित्र राहिलं असतं तर ट्रॉफी कोलकात्याला. दुसऱ्या हाफमध्ये विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली. उरलेली वीसेक मिनिटं ऐझॉलनं तेच केलं जे खालिदच्या टीमला सगळ्यात चांगलं जमतं. गोल खाल्ला नाही. १-१. ऐझॉल ३७, मोहन बागान ३६. ईशान्य भारतातल्या क्लबनं देशाची लीग पहिल्यांदाच जिंकली.

मग सगळं सोपं झालं का?

अजिबात नाही.

चॅम्पियन कोचला ईस्ट बंगालनं उचललं. कोलकात्यात खेळाडू म्हणून दडपण असतंच, पण कोच म्हणून ते वेगळंच. तिथं पानवाल्यालाही टीम निवडता येते आणि तो ती निवडून तुम्हाला ऐकवतो. ईस्ट बंगाल लीगमध्ये चौथं आलं, सुपर कपच्या फायनलमध्ये बेंगळुरू एफसीकडून १-४ नं हरलं. एका सीझनमध्ये खेळ खल्लास. जानेवारी २०१९ मध्ये मोहन बागाननं बोलावलं, सीझनच्या मध्यावर. तिथं पाचवा नंबर. तेही काही महिन्यांचंच.

दोन वर्षांपूर्वी देश जिंकलेला माणूस आता असिस्टंट म्हणून नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये गेला. याला खाली उतरणं म्हणायचं तर म्हणा. पण आयएसएलचं दार भारतीय कोचसाठी त्या वेळी तेवढंच उघडं होतं. २०१४ पासून लीग सुरू झाली होती आणि हेड कोचच्या खुर्चीवर परदेशी माणूस बसणार हे जणू ठरलेलंच. भारतीय कोच बाजूला उभा राहायचा, खेळाडूंना हिंदीत निरोप सांगायचा आणि परदेशी कोचची हकालपट्टी झाली की चार मॅचपुरता ‘इंटरिम’ व्हायचा. इंटरिम म्हणजे घरमालक सापडेपर्यंत चावी सांभाळणारा.

खालिदनं अशी चावी दोनदा सांभाळली. दुसऱ्यांदा, जानेवारी २०२१ मध्ये, स्पेनच्या जेरार्ड नूसला काढल्यावर. कोरोनामुळं अख्खी लीग गोव्यात बंद दारांआड चालू होती. खालिदच्या हाताखाली नॉर्थईस्ट लीगची एकही उरलेली मॅच हरली नाही आणि तिसऱ्या नंबरवर राहून सेमीफायनलला गेली. त्यानंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये क्लबनं त्याला कायम केलं. आयएसएलमध्ये कायमस्वरूपी हेड कोच झालेला तो पहिला भारतीय. लीग सुरू होऊन सात वर्षं झाली होती.

आणि त्याच पहिल्या पूर्ण सीझनमध्ये नॉर्थईस्ट ११ टीममध्ये दहावी आली. हे लपवण्यात अर्थ नाही. इंटरिम असताना हरवायला काही नसतं, खेळाडूही नव्या माणसासमोर उसळून खेळतात. कायम झालं की सीझनआधीची तयारी, दुखापती, चुकलेली खरेदी, सगळ्याचं बिल तुमच्याच नावावर फाटतं.

तोवर दुसऱ्या भारतीय कोचनीही हालचाल केली होती. गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडानं एप्रिल २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला, तोही इंटरिम कोच असताना. चावी सांभाळणाऱ्यानं घरावर मजला चढवला म्हणायचा.

खालिदला पुढची खरी संधी मिळाली २०२३ च्या शेवटच्या दिवशी, जमशेदपूरमध्ये. टीम गटांगळ्या खात होती. त्याच्या पहिल्या पूर्ण सीझनमध्ये, २०२४-२५ ला, जमशेदपूर आयएसएलच्या सेमीफायनलला गेलं. मोहन बागानला घरच्या मैदानावर २-१ नं हरवलं आणि कोलकात्यातल्या परतीच्या मॅचमध्ये इंज्युरी टाइमच्या गोलवर बाहेर पडलं. सुपर कपचीही फायनल गाठली, तिथं एफसी गोवानं ३-० नं धुतलं. पण लागोपाठ दोन वर्षं भारतीय फुटबॉल महासंघानं त्याला सर्वोत्तम कोच निवडलं.

टीम इंडियाचा कोच म्हणजे वेगळंच काम

क्लबचा कोच रोज सकाळी खेळाडूंना भेटतो. चूक झाली तर मंगळवारी दुरुस्त करतो. नॅशनल टीमच्या कोचला खेळाडू मिळतात वर्षातून मोजके दिवस, तेही क्लबनं सोडले तर. सात वर्षं घोटवून पद्धत बसवणाऱ्या माणसासाठी यासारखी अडचण नाही.

पहिलीच परीक्षा होती ताजिकिस्तानमध्ये, काफा नेशन्स कपला. मोहन बागाननं आपले खेळाडू सोडले नाहीत. सुनील छेत्रीला खालिदनं स्वतःच नेलं नाही, इतरांना बघायचं म्हणून. या नावाला टीमबाहेर ठेवायचं म्हणजे पहिल्याच आठवड्यात मधमाश्यांच्या पोळ्यात हात घालणं होतं. २९ ऑगस्टला यजमान ताजिकिस्तानला २-१ नं हरवलं. अन्वर अली आणि संदेश झिंगन, दोन्ही गोल डिफेंडर्सचे. गुरप्रीतनं पेनल्टी अडवली. इराणकडून ०-३, अफगाणिस्तानशी ०-० आणि मग तिसऱ्या नंबरसाठी ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. ओमानला भारतानं त्याआधी कधीच हरवलं नव्हतं. सोशल मीडियावर एका रात्रीत ‘खालिद सर’ ट्रेंड पडला.

मग ऑक्टोबर आला. २०२७ च्या एशियन कपची पात्रता फेरी. खालिद यायच्या आधीच दोन मॅचमध्ये भारताकडं फक्त एक पॉइंट होता. सिंगापूरमध्ये शेवटच्या मिनिटाला रहीम अलीनं १-१ केलं. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर परतीची मॅच. छांगटेनं सुरुवातीला गोल करून भारताला पुढं नेलं, स्टेडियम पेटलं, पण सिंगापूरच्या सोंग उई-यंगनं दोन गोल मारले. १-२. भारत एशियन कपमधून बाहेर.

मागं घट्ट राहून पुढं एक गोल काढायचा, ही पद्धत ताजिकिस्तान आणि ओमानसमोर चालली, कारण तिथं भारताला न हरणं पुरेसं होतं. फातोर्डावर जिंकावं लागणार होतं, बॉल आपल्याकडं ठेवून समोरच्याला फोडावं लागणार होतं. गेल्या सोळा वर्षांत खालिदच्या बहुतेक टीम दुबळ्या बाजूनं लढल्या. वरचढ बाजूनं कसं खेळायचं, हा धडा त्याला आता, देशाच्या खर्चानं, शिकावा लागतोय. टीकाकार यावर चिडले तर त्यांनाही दोष देता येणार नाही.

१८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशनं भारताला १-० नं हरवलं. २००३ नंतर पहिल्यांदाच. ऑगस्टमध्ये डोक्यावर घेणारे लोक आता राजीनामा मागू लागले होते.

ढाक्याहून परतलेल्या खेळाडूंनी आपापल्या क्लबकडं जायचं होतं. पण महासंघ आणि आयएसएल चालवणाऱ्या कंपनीतला करार अडकला होता आणि नोव्हेंबर संपत आला तरी देशाची मुख्य लीग सुरूच झालेली नव्हती.